झाकणावर नाव नको

माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर एकही ओरखडा नाही. दोन उन्हाळे आणि दोनदा धानाची मळणी त्याने आमच्या घरात काढली, तरी नाही. हे मी अभिमानाने लिहिते आहे. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. आमच्या घरचे सगळे हसून झाले आहेत.

झाकण उघडायचं ते पुढच्या कडेला मधोमध धरून, कोपऱ्याला धरून कधीच नाही. मधे धरलं की बोटांचे ठसे एकाच जागी पडतात आणि पुसायला सोपे जातात. कामाला बसण्याआधी हात साबणाने धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. हातात कडं नको, बांगडी नको, कारण मनगट टेकतं तीच जागा सगळ्यात आधी घासली जाते. बंद करताना पडद्यावर एक पातळ फडकं ठेवायचं, नाहीतर कळांच्या चौकोनांचे तेलकट डाग काचेवर उमटतात. पुसायचं चष्म्याच्या कापडाने. पाणी लावायचंच तर कापडाला लावायचं, लॅपटॉपला नाही. ओढणीने पुसायचं नाही. ओढणीला बसमधली धूळ असते, अंगणातली असते, आणि धुळीनेच चरे पडतात. थ्रेशर सुरू झालं की आमच्या गावठाणावर धानाचं कूस हवेत तरंगत असतं आणि खिडकी लावली तरी आत येतं. त्या दिवसांत मी आधी रंगाच्या मऊ ब्रशने झाकण झाडते, मग कापड लावते. सरळ कापड फिरवलं तर ते कूसच काचपेपरचं काम करतं.

आई म्हणते, "पाहुणे आले त् सोताचं तोंड नाई पुसत एवढं. याले पाह्य कशी पुसते."

शेजारची काकू म्हणते, "आमच्या घरचा मोबाईल पाह्य माय, काच फुटून राहिली, तरी बोलाचं थांबला का तो?"

मी उत्तर देत नाही. मी तशी कुणालाच फारसं उत्तर देत नाही. पवनीच्या इंग्रजी शाळेत होते तेव्हा वर्गात इंग्रजी बोलायचं असे. माझं इंग्रजी आधी डोक्यात तयार होई आणि ते होईस्तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असे. घरी आलं की माझी मराठी घरच्यांना पुस्तकी वाटे. "हे पाह्य, बाई बोलून राहिली टीव्हीवरची," असं कुणी म्हटलं की मी पुन्हा गप्प. गप्प राहायची सवय लागली की माणूस पाहायला लागतं. कोण कुठे हात ठेवतं, कोण वस्तू कशी उचलतं, हे मला लांबून दिसतं.

म्हणून मला माहीत आहे की आमच्याकडे पडद्यावर बोट टेकवल्याशिवाय कुणाला काही दाखवताच येत नाही. गावठाणावरच्या बायका निकाल पाहायला येतात, आधारमधली चूक दाखवायला येतात. मी पडद्यावरचा बाण नेऊन "हे का?" असं विचारायच्या आत बोट काचेवर पोचलेलं असतं. त्या बोटाला कधी हळद असते, कधी खोबरेल. त्या गेल्या की मी कापड काढते. मला त्यांचा राग येत नाही. पण तो डाग तिथे राहावा असंही मला वाटत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात हे आमच्या घरात कुणाला पटत नाही.

लॅपटॉप मी स्वतःच्या पगारातून घेतला. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरी बसून इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासते. कंपनीचा जुना लॅपटॉप परत केला आणि माझा घेतला. राखाडी रंगाचा, धातूचा, पातळ. दुकानातल्या माणसाने वर लावायला फुलाफुलांचं स्टिकर दाखवलं, वाघाचं दाखवलं, "मुली हे घेतात" म्हणून गुलाबी दाखवलं. मी मान हलवली. त्यावर काहीच नसणं हेच मला आवडलं होतं.

त्याचं कारण आहे. माझ्या लहानपणी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक वस्तूवर आधीपासून काहीतरी लिहिलेलं असे.

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. मला ते आठवत नाही. मी कडेवरची होते. पण इकडे येण्याची हकीकत मी इतक्यांदा ऐकली आहे की पाहिल्यासारखी सांगू शकते. घरोघरचं सामान एकाच ट्रॉलीत भरलं होतं. नव्या गावठाणावर तेव्हा नुसते प्लॉट आखलेले होते आणि सगळ्यांची भांडी एका मोकळ्या जागेत ओतली गेली. गंज म्हणजे पातेली, परात, गुंड, डबे यांचा ढीग. कोणतं कोणाचं हे कसं ओळखायचं? नावावरून. आमच्याकडे भांडं घरात आलं की आधी दुकानात त्यावर नाव कोरून घेतात, मगच ते चुलीवर चढतं. बापाचं नाव, खाली गावाचं नाव, आणि कोणी दिलेलं असेल तर "सप्रेम भेट". माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, पोस्टमन होते. त्या दिवशी ते ढिगाजवळ उभे राहिले आणि एकेक भांडं उन्हाला धरून नाव वाचत गेले. ज्याचं नाव निघालं तो पुढे येऊन घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या चुलींवर आपापली भांडी चढली. आपल्या माणसांमध्ये भांड्यावरून एक भांडण झालं नाही, असं मोठे बाबा अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज मोठा होतो.

एक डबा तेवढा उरला. त्यावरचं नाव ज्याचं होतं ते घर दुसऱ्या गावठाणावर गेलं होतं. "नेऊन देऊ" म्हणता म्हणता तो आमच्याकडेच राहिला. आणि मी शाळेत जायला लागले तेव्हा आईने त्याच डब्यात माझी पोळी-भाजी भरली.

झाकणावर मोठ्या अक्षरात कोण्या अनोळखी माणसाचं पूर्ण नाव. मधल्या सुट्टीत एका मुलीने ते मोठ्याने वाचलं. मग सगळ्यांनी वाचलं. त्या वर्षी मला वर्गात माझ्या नावाने कुणी हाक मारलीच नाही. मी त्या माणसाचं नाव होते. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डबा गळते का? नाई ना? मंग?" डबा खरंच गळत नव्हता. पुस्तकं चुलतबहिणीची होती, पहिल्या पानावर तिचं नाव. कंपासपेटीच्या झाकणावर कर्कटकाने कोरलेलं बदामाचं चित्र आणि दोन अक्षरं, कोणाची ते आजवर कळलं नाही. सगळं चालत होतं, सगळं उपयोगाचं होतं, आणि त्यातलं काहीच माझं दिसत नव्हतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मोठ्या बाबांच्या मुलीचं, म्हणजे त्याच चुलतबहिणीचं लग्न ठरलं होतं. विहारात लग्न, साधंच. पण आंदणाची भांडी साधी नसतात. घरात परातींचा आणि गंजांचा ढीग लागला होता. मोठे बाबा रोज त्यातली एकेक वस्तू ठोकून पाहत.

त्या दिवशी माझ्या कामाची वेळ दुपारची होती. अंघोळ करून आले तर टेबल रिकामं. चार्जर लोंबत होता, फडकं खुर्चीवर पडलं होतं, लॅपटॉप नव्हता.

"आई, माया लॅपटॉप?"

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मोठे बाबा घेऊन गेले कोंढ्याले."

"कायले?"

"नाव टाकाले. परात होती, गंज होता, त्याच्यासंगं नेला. म्हनत होते, बिचारीनं एवढा घेतला, त्याच्यावर काहीच नाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंगावरच्या पाण्याने ओली झालेली ओढणी तशीच गळ्यात टाकून मी स्कूटी काढली.

"अवो जेवून तं जा!" आई मागून ओरडली. "पळून जाऊन राहिला का तो?"

रस्त्याने मी काय बोलायचं ते जुळवत होते. आधी इंग्रजीत जुळलं, नेहमीसारखं. मग मी ते सोडून दिलं.

कोंढा हे आमच्या बाजाराचं गाव. तिथलं भांड्यांचं दुकान रस्त्यावरच आहे. बाहेर पायरीवर नाव कोरणारा बसतो. त्याच्या हातात जाड पेनासारखं यंत्र असतं. बटण दाबलं की सुई थरथरते आणि किर्र आवाज करत स्टीलवर अक्षर उमटत जातं. मी पोचले तेव्हा तो परातीवर "सप्रेम भेट" संपवत होता. त्याच्या बाजूला मोठे बाबा खुर्चीवर, समोर चहा. आणि दोघांच्या मधे माझा लॅपटॉप. पिशवीतून काढलेला, उघडा-बोडका, एका गंजाच्या काठावर आडवा ठेवलेला. झाकण वर, नाव घ्यायला तयार.

"ये, ये," मोठे बाबा खुश होऊन म्हणाले. "बरं झालं आली. कोनत्या बाजूनं टाकाचं ते सांग. मी म्हनलो मधातच टाका."

कोरणाऱ्याने लॅपटॉपवर टिचकी मारली. "जर्मनचाच होय ना काकाजी हा?" जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. "जर्मनवर लय सुंदर उमटते. स्टीलपेक्षा मऊ राह्यते."

मोठ्या बाबांच्या हातात चिठ्ठी होती. पोस्टातल्या सवयीचं गोल अक्षर. वर बाबांचं पूर्ण नाव. खाली गावाचं नाव. आता राहतो त्या गावठाणाचं नाही, पाण्यात गेलेल्या गावाचं. आमच्या सगळ्या भांड्यांवर तेच आहे.

मी लॅपटॉप उचलला. "नाव नाई टाकाचं."

"आँ?"

"याच्यावर नाव नाई टाकाचं, मोठे बाबा."

ते हसले. "पैसे मी देऊन राहिलो बापा, तू कायले भेते?"

"पैशाचं नाई. मले नाव नको."

आता दुकानदार गल्ल्यावरून वाकून पाहू लागला. भांडी घ्यायला आलेल्या दोन बायका थांबल्या. अशा वेळी माझे कान तापतात आणि शब्द जातात. कान तापले. शब्द मात्र गेले नाहीत, याचं मलाच नवल वाटलं.

"एवढी काय तपून राहिली?" मोठे बाबा म्हणाले. "नावच टाकून राहिलो, विकून नाई राहिलो. बिना नावाची वस्तू कोनाचीबी होते. तुले नाई मालूम, तू लहान होती. मी सोता ढिगातून..."

"मले मालूम हाय."

"मंग?"

"मंग काई नाई. हा ढिगात नाई."

एक बाई पदर तोंडाला लावून हसली. दुसरी म्हणाली, "पोरीचं बरोबर हाय. बापाचं नाव कायले? तिचं टाका ना काकाजी, तिची कमाई होय."

"तिचं कसं टाकू?" मोठे बाबा तिच्याकडे वळले. "उद्या लगन झालं का आडनाव बदलते. मंग खोडाचं का? बापाचं नाव कधी बदलते का?"

हे ते वाईट मनाने बोलले नाहीत. पोस्टमनला पत्ता बदलण्याचा त्रास ठाऊक असतो. पण ते वाक्य ऐकलं आणि मला जे भय वाटत होतं ते गेलं, आणि त्याच्या जागी सरळ राग आला.

"माया नावाचं काय करायचं ते मी पाहीन. आडनावाचंही मीच पाहीन."

"बरं, बरं." त्यांनी खिशातून पेन काढलं, चिठ्ठीवरचं बाबांचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. नुसतं नाव, आडनाव नाही. "हे घे. तुयंच टाकतो. आता तं झालं?"

खरं सांगायचं तर मी क्षणभर थांबले. चिठ्ठीवर माझं नाव त्यांच्या अक्षरात फार सुंदर दिसत होतं. त्या बायकाही "हो, हे मस्त" म्हणाल्या. सगळ्यांचा मान राहील, सगळे घरी जातील. कोरणाऱ्याने यंत्राचं बटण दाबूनही पाहिलं. किर्र.

मला एक सोपी वाटही दिसत होती. या झाकणाच्या आत काच आहे; सुई थरथरली तर पडदा जाईल. हे खरं होतं. एवढं बोलले असते तर कोरणाऱ्यानेच हात काढून घेतला असता आणि भांडण मिटलं असतं. पण मी ते मुद्दाम बोलले नाही. ते बोलले असते तर पुढच्या वेळी कोणीतरी म्हणालं असतं, काच नाही त्या बाजूला टाकू, खाली टाकू, छोट्या अक्षरात टाकू. मला लॅपटॉपचं कारण द्यायचंच नव्हतं. माझं कारण द्यायचं होतं.

"मायंही नको," मी म्हणाले. "कोनाचंच नको. हा जसा घेतला तसाच मले पायजे. कोरा. मले कोरा आवडते म्हनून."

"आवडते म्हनून?" मोठे बाबा म्हणाले. त्यांनी हे असं म्हटलं, जसं काही मी एखाद्या दुसऱ्या भाषेतला शब्द वापरला.

"हो. आवडते म्हनून."

कोरणाऱ्याने यंत्र खाली ठेवलं. "जाऊ द्या काकाजी. तिची वस्तू होय. तुमी हा गंज द्या इकडे."

मी लॅपटॉप उलटा करून पाहिला. गंजाचा काठ जिथे टेकला होता तिथे, खालच्या पत्र्यावर, केसासारखी बारीक रेघ उमटली होती. मी बोट फिरवलं. लागत होती.

"हे पाहा," मी म्हणाले.

मोठ्या बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. "कुठी? दिसत तं नाई."

"मले दिसते."

"खालच्या अंगाले कोन पाह्यते?"

"मी पाह्यते."

चहाचा कप तसाच राहिला. त्यांनी चिठ्ठीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, आणि मला एकदम वाईट वाटलं. ते गाव त्यांचं होतं, मला आठवत नसलं तरी त्यांचं होतं, आणि ते त्यांना आणखी एका वस्तूवर लिहायचं होतं. वाईट वाटलं, पण मी मत बदललं नाही. वाईट वाटणं वेगळं. आजवर मी ज्या ज्या वेळी गप्प बसले त्या प्रत्येक वेळी कोणाला तरी वाईट वाटू नये म्हणूनच बसले होते.

"चला, बसा गाडीवर," मी म्हणाले. "भांडी उद्या ऑटोनं येतीन."

"तू जाय. मी यीन बसनं."

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटीच्या पुढे पायाजवळ ठेवायला लागले. मोठे बाबा ते पाहत होते. आमच्या रस्त्याची अवस्था त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. सायकलवरून त्यांनी तो आयुष्यभर तुडवला.

"तिथी ठेवशीन त् आदळन तो," ते म्हणाले. "आन इकडे." आणि पिशवी माझ्या हातून घेऊन मागे बसले, मांडीवर धरून, दोन्ही हातांनी.

आम्ही निघालो. दोन्हीकडे धान पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. मग मागून आवाज आला. अजून रागावलेला, पण बोलणारा.

"चोरीले गेला तं? ठान्यात काय सांगशीन? कायच्यावरून तुया?"

"मी सांगीन माया होय म्हनून."

"तू?" ते हसले, आणि ते हसणं मला मानेवर जाणवलं. "तू सांगशीन? दुकानात जाऊन साबन नाई मांगत तू. तुयी माय जाते तुयासाठी."

"आज मांगितला ना लॅपटॉप."

समोरून बैलगाडी आली, मी बाजूला घेतली. चाक खड्ड्यातून गेलं तेव्हा त्यांनी पिशवी उचलून छातीशी धरलेली मला आरशात दिसली.

"आन् कोनी नाई मानलं तं?"

"मंग अजून एकदा सांगीन," मी म्हणाले. "याच्याहून जोरानं."